विटाळ गेला, विष गेले काय?



शहराचे मैलापाणी शुद्ध केल्यावर तळाशी जो गाळ उरतो त्याचे काय करावे, हा प्रश्न आज प्रत्येक मोठ्या नगरपालिकेपुढे आहे. हा गाळ वाळवावा, हवा न लागू देता भट्टीत तापवून त्याचा कोळसा करावा, आणि तो कोळसा शेतकऱ्याला जमिनीत घालण्यासाठी द्यावा, असा एक उपाय जगात ठिकठिकाणी पुढे येत आहे. अशा कोळशाला बायोचार म्हणतात. आपल्या मंडळ्यांत नगरपालिकेत नोकरी करणारे आहेत, गावाकडची दोन-चार एकर जमीन सांभाळून असलेले आहेत, आणि शेतीशी ज्यांचा संबंध भाजी विकत घेण्यापुरताच आहे असेही पुष्कळ आहेत. "हे सुरक्षित आहे काय?" हा प्रश्न ह्या सर्वांचा आहे.

कोणी म्हणेल, हा प्रश्न प्रयोगशाळेचा. मंडळीच्या मासिकात त्याचे काय काम? आम्हांस तसे वाटत नाही. कोळशात काय आहे हे प्रयोगशाळा सांगू शकते. परंतु किती धोका पत्करावा, तो कोणी पत्करावा, आणि दुसऱ्याच्या वतीने "सुरक्षित आहे" असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचे आहेत. म्हणून ह्या विषयाचा विचार आपण शांतपणे करू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की जमिनीतून आलेले जमिनीला परत द्यावे, ही कल्पना नवी नाही आणि वाईटही नाही. मानवी मैल्यापासून होणाऱ्या खताला आपल्या भाषेने 'सोनखत' असे नाव दिले आहे. ज्या वस्तूचे नाव लोक तोंडाने घेत नाहीत तिच्यात सोने पाहणारा तो शेतकरी डोळस होता. कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी सोनखतासाठी आणि भंगीमुक्तीसाठी आपले आयुष्य वेचले. इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी काडीकचरा, शेण व मूत्र ह्यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघाले, आणि 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर गेले. शेतातून घेतलेले शेताला परत केले पाहिजे, हा हॉवर्ड ह्यांचा आग्रह होता.

पवित्र शास्त्रालाही हा विषय वर्ज्य नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणून मैला झाकण्याची आज्ञा आहे. म्हणजे देवाच्या दृष्टीने ही बाब बोलू नये इतकी हलकी नाही. लूकच्या तेराव्या अध्यायातील माळी अंजिराच्या वांझ झाडासाठी रदबदली करतो तेव्हा तो चमत्काराची भाषा बोलत नाही. भोवती खणीन, खत घालीन, आणखी एक वर्ष थांबा, असेच म्हणतो. खताला सुवार्तेत अशी मानाची जागा आहे.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते ती दोन शब्दांच्या गोंधळात आहे. ते शब्द म्हणजे विटाळ आणि विष.

विटाळ ही मनाने लावलेली गोष्ट आहे. विष ही वस्तूत असलेली गोष्ट आहे. आपल्या समाजाने ह्या दोहोंची गल्लत करून फार मोठे पाप केले. मैला वाहणाऱ्या माणसाला रोगापासून जपले नाही, त्याला हातमोजे दिले नाहीत, औषध दिले नाही. उलट त्यालाच विटाळ मानून गावकुसाबाहेर ठेवले. मानवी मैला हाताने उचलण्यास लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, तरी गटारात उतरून माणसे मेल्याच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या पूर्वजांनी विटाळ ह्या शब्दाचा मार सोसला आहे. पेत्राला यापोतील घराच्या गच्चीवर जे दर्शन झाले, त्याने हा विटाळाचा पडदा फाडला. म्हणून "शी! मैल्याचे खत! त्या शेतातले धान्य आम्हांस नको" असे केवळ किळसेपोटी कोणी म्हणत असेल, तर ख्रिस्ती माणसाने त्याला साथ देऊ नये.

परंतु दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी आहे. विटाळ गेला म्हणजे विषही गेले, असे समजणे ही ती चूक. आणि कोळशाची भट्टी नेमकी हीच चूक करण्यास आपणांस भुलवते. आत जातो तो दुर्गंधीचा गाळ. बाहेर येतात ते काळे, कोरडे, हलके, वास नसलेले दाणे. ते हातात घेण्यास कोणी कचरणार नाही. डोळे व नाक हे देवाने दिलेले दोन पहारेकरी आहेत. भट्टी त्या दोघांनाही निरोप देते. म्हणून भट्टीत काय जाते आणि काय राहते, हे नीट पाहणे अवश्य आहे.

जाते ते पुष्कळ, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चारशे ते सातशे अंश उष्णतेत रोगजंतू व जंतांची अंडी टिकत नाहीत. औषधांचे अंश, प्लास्टिकचे बारीक कण ह्यांचा बहुतेक नाश होतो. न चिकटणारी भांडी, डाग न धरणारे कापड, आग विझवण्याचा फेस अशा वस्तूंत जी फ्लोरिनयुक्त रसायने वापरतात, ती निसर्गात वर्षानुवर्षे मोडत नाहीत. परंतु सुमारे पाचशे अंशांच्या वर तापवल्यास त्यांतील मोजता येणारा बराचसा भाग कोळशातून नाहीसा होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र तो वायूबरोबर निघत असल्याने तो वायू अधिक उष्णतेत जाळावा लागतो. नाहीतर जमिनीवरचे संकट आपण हवेत सोडले, एवढेच होईल.

राहतात ते जड धातू. शिसे, जस्त, तांबे, निकेल ह्यांना आग जाळू शकत नाही. पारा बहुतेक सगळा वाफ होऊन जातो, कॅडमियमचा काही भाग फार उष्णतेत उडतो. तो धुरातच पकडला पाहिजे. बाकीचे कोळशात राहते, आणि गाळाचे वजन घटल्यामुळे ते अधिक दाट होते. हिशेब सोपा आहे. समजा, शंभर किलो वाळलेल्या गाळात तीनशे मिलिग्रॅम कॅडमियम आहे. म्हणजे किलोमागे तीन. भट्टीतून पन्नास किलो कोळसा निघाला आणि धातू सगळा त्यातच राहिला, तर किलोमागे सहा झाले. आपल्या देशाच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली शहरी कंपोस्टात कॅडमियमची मर्यादा किलोमागे पाच मिलिग्रॅम आहे. त्या मापाने पाहिले तर आत जाताना मर्यादेत असलेला माल बाहेर येताना मर्यादेबाहेर गेला, आणि तरी दिसावयास तो अधिक स्वच्छ झाला!

असाच धडा आपल्या वाचकांच्या गावांतूनही मिळतो. वडोदरा येथे गाजरावाडीत गाळावर कोबाल्टचे गामा किरण सोडून तो जंतुमुक्त करण्याचे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने उभे राहिले. पुढे अहमदाबाद व इंदूर येथेही त्या तंत्राने कामे झाली. जंतू मारण्यासाठी हा उपाय उत्तम आहे. परंतु किरणांनी जंतू मरतात, शिसे मरत नाही. प्रत्येक शुद्धीकरण कशापासूनचे शुद्धीकरण आहे, हे विचारल्याशिवाय 'शुद्ध' ह्या शब्दाला अर्थ नाही.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कोळशातील धातू मोकळे नसतात. ते राखेच्या खनिजांत व कोळशात घट्ट धरलेले असतात, आणि म्हणून कच्च्या गाळातल्यापेक्षा पिकांत सहसा कमी उतरतात, असे पुष्कळ प्रयोग सांगतात. ही गोष्ट खरी आहे व महत्त्वाची आहे. फॉस्फरस बहुतेक सगळा कोळशात टिकतो, जरी तो पिकाला सावकाश मिळतो. नत्राचा मोठा भाग मात्र निघून जातो; म्हणून हा कोळसा युरियाची जागा घेईल असे सांगणे ही शेतकऱ्याची फसवणूक होय. शिवाय सर्व जमिनी सारख्या नाहीत. कोकण-गोव्याच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला क्षारधर्मी कोळसा मानवण्याचा संभव अधिक. पण आम्लधर्मी जमिनीतच धातू अधिक सुटे होतात. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत धातू अधिक बांधलेले राहतात, पण तेथे अशा कोळशाची गरजही कमी. म्हणजे एका शेतातील उत्तर दुसऱ्या शेतात जसेच्या तसे लावता येत नाही.

आणि 'सुरक्षित' ही रेघ तरी कोठे आहे? कॅडमियमचेच पाहा. आपल्या कंपोस्टाची मर्यादा पाच आहे. शेतात टाकावयाच्या गाळासाठी युरोपच्या १९८६ च्या निर्देशात ती वीस ते चाळीस आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत कमाल मर्यादा पंच्याऐंशी आहे. स्वित्झर्लंडने तर २००६ पर्यंत शेतात गाळ घालणे बंदच केले. युरोपीय संघाने २०२१ साली कोळशाला खताच्या सामाईक नियमांत जागा दिली, पण मैल्याच्या गाळापासून केलेला कोळसा त्यातून वगळला. सगळीकडे कॅडमियम तेच, माणसाचे मूत्रपिंडही तेच. रेघ मात्र निरनिराळी. ह्याचा अर्थ विज्ञान खोटे आहे असा नव्हे. विज्ञान धोक्याचे माप देते. त्या मापावर रेघ ओढतो तो माणूस, आणि रेघ ओढताना त्याच्या मनात कोणाचे हित होते, हा नीतीचा प्रश्न आहे.

ह्या धातूची भीती काल्पनिक नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीतून आलेले कॅडमियम पाण्यावाटे भातशेतीत उतरले. लोकांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना होऊ लागल्या. १९६८ साली तेथील सरकारने प्रदूषण हे त्या व्याधीचे कारण असल्याचे मान्य केले. ते प्रमाण फार मोठे होते. कोळशाच्या प्रत्येक गोणीत तसे संकट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण शरीरात शिरलेले कॅडमियम दहा-दहा, वीस-वीस वर्षे मूत्रपिंडात राहते, हे सत्य लहान प्रमाणालाही लागू आहे.

आम्हांस सर्वांत विचार करावयास लावते ती अमेरिकेतील मेन राज्याची हकीकत. तेथे शुद्धीकरण केंद्रांचा गाळ अनेक वर्षे कायद्याने, परवान्याने शेतांवर टाकला गेला. वर सांगितलेल्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा त्या काळी कोणी शोधच घेत नव्हते. पुढे २०१६ च्या सुमारास एका गोठ्याच्या दुधात ती सापडली, मग आणखी शेतांत, विहिरींत सापडली; काही कुटुंबांचा धंदा बसला. २०२२ साली त्या राज्याने गाळ शेतात घालण्यास बंदी केली. ह्या हकीकतीत लबाडी केलेली दिसत नाही अशीही माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या वेळचे नियम पाळले. पण नियम पाळला गेला तरी शेत नासले. माहीत असलेल्या विषाची तपासणी केली जाते. माहीत नसलेल्या विषाची तपासणी कोण करणार?

येथे कोळशाचा एक विशेष गुण ध्यानात घ्यावा. त्याची मोठी स्तुती होते ती ह्यासाठी की तो कुजत नाही; त्यातील कार्बन शेकडो वर्षे जमिनीत राहतो व हवेत परत जात नाही. हा गुण खराच आहे. पण तोच गुण उलट बाजूने वाचला पाहिजे: एकदा नांगरून मातीत मिसळलेला कोळसा कोणी वेचून काढू शकत नाही. अंजिराच्या झाडाला माळ्याने मागितलेली एका वर्षाची मुदत पुरली असती. जमिनीचा निकाल एका वर्षात लागत नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे जमिनीचा खरा धनी देव आहे आणि आपण तिच्यावर काही काळापुरते राहणारे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या घरात असे काही ठेवू नये, जे पुढच्या पाहुण्याला काढता येणार नाही.

मग हे सर्व नाकारावे काय? नाकारणे सोपे वाटते, पण नाकारणाऱ्याचे हात आपोआप स्वच्छ होत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे आपल्या शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेले नद्या-नाल्यांत व तेथून शेतांतच जात होते. हैदराबादेत मुसी नदीच्या अशा पाण्यावर भात व वैरण पिकत आली आहे. विकत घेतलेल्या फॉस्फेट खतातही खडकातून आलेले थोडे कॅडमियम असतेच. तेव्हा प्रश्न शुद्ध व अशुद्ध ह्यांतील निवडीचा नाही. कोणता धोका जाणून, मोजून, स्वतःच्या नावावर घ्यावयाचा, आणि कोणता न पाहता दुसऱ्याच्या शेतात ढकलावयाचा, ही खरी निवड आहे.

ह्या निवडीत आम्हांस दोन आज्ञा दिवट्यांसारख्या वाटतात.

पहिली, दहा आज्ञांपैकी नववी, शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीची. ज्या धोक्याला रंग नाही, वास नाही, त्याच्याविषयी शेतकरी केवळ दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असतो. गोणीवरचे लेबल ही साक्ष आहे; तपासणीचा दाखला ही साक्ष आहे. तपासलेच नाही तेथे "सुरक्षित" असे छापणे ही खोटी साक्ष होय, मग माल पुढे चांगला निघो वा न निघो. जंतूंची तपासणी करून धातूंबद्दल गप्प राहणे, हीही अर्धी साक्षच.

दुसरी, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील खड्ड्याची. कोणी खड्डा उघडला, तो झाकला नाही, आणि दुसऱ्याचा बैल त्यात पडला, तर नुकसान भरून द्यावे खड्डा उघडणाऱ्याने. बैलवाल्याने पाहून का चालवले नाही, असा प्रश्न तेथे विचारलेला नाही. आज मात्र उलटे घडते. कोळसा फुकट देणारा मोकळा होतो, आणि पंधरा वर्षांनी माती बिघडलेली आढळली तर तोटा शेतकऱ्याचा. फुकट दिले म्हणून जबाबदारी संपत नाही. ज्याला गाळाची विल्हेवाट लावावयाची होती त्याचाही त्यात फायदा झालाच आहे.

ह्यावरून काही साध्या गोष्टी निघतात. कोळशाच्या प्रत्येक लोटाची, आणि ज्या शेतात तो जावयाचा त्या मातीचीही, तपासणी देणाऱ्याच्या खर्चाने व्हावी. कोणत्या शेतात किती घातले ह्याची नोंद राहावी, म्हणजे ती जमीन पुढे विकत घेणाऱ्यास किंवा वाट्याने कसणाऱ्यास विचारता येईल. प्रारंभ पालेभाजी, भात अशा पिकांपासून करू नये. रस्त्याकडेची झाडे, वनखात्याची रोपे, खाणीने उघडी पडलेली जमीन ह्यांवर आधी पाहावे. आणि गरीब, अशिक्षित, नाही म्हणण्याची ताकद नसलेल्या शेतकऱ्याचे शेत पहिल्या प्रयोगासाठी निवडू नये. एके काळी आपण मैला एका जातीच्या डोक्यावर ठेवला. आता तोच भार कोळसा करून त्याच दुबळ्याच्या मातीत ठेवला, तर भट्टीने गाळ बदलला, आपले मन बदलले नाही, असेच म्हणावे लागेल.

राहता राहिले आपण, नळ उघडणारे. गाळात धातू येतात ते बहुतांशी कारखान्यांतून व कारागिरीच्या धंद्यांतून, काही आपल्या घरांतूनही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात प्रतिजैविके फार मोठ्या प्रमाणात असल्याचे २००७ साली संशोधनाने दाखवले. कारखान्याचे पाणी व घरचे मैलापाणी एकत्र होऊ न देणे, हे कोळशाच्या कोणत्याही तपासणीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. नगरपालिकेत बसणाऱ्या आपल्या बांधवांनी हा आग्रह धरावा. आणि घरात उरलेली औषधे, फुटलेल्या थर्मामीटरचा पारा, जुने सेल मोरीत किंवा संडासात टाकताना आपण जो विचार करीत नाही, तो करावयास लागावे. सोनखत सोन्यासारखे होते, कारण त्यात माणसाने खाल्लेल्या अन्नाशिवाय फारसे काही नव्हते. ते सोने मातीमोल केले ते आपण त्यात जे ओतले त्याने.

पौल करिंथकरांस मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहितो तेव्हा ज्ञान असलेल्यांचे ज्ञान तो खोटे म्हणत नाही. पण त्या ज्ञानापायी दुर्बळ भावाचा नाश होऊ नये, एवढे तो बजावतो. शहराचे ज्ञान व खेड्यातील भावाचे शेत ह्यांच्यामध्ये आज हीच गोष्ट उभी आहे. सुगीच्या उपकारस्तुतीला आपण कणसे, भाज्या, फळे वेदीपुढे मांडतो. ती कोणत्या मातीत पिकली, त्या मातीत आपण काय घातले, हेही त्या दानाचाच भाग आहे, आणि देवापुढे त्याचा झाडा द्यावा लागेल.

जमिनीचा धनी जो प्रभू, तो देणाऱ्यांना खरे बोलण्याचे धैर्य, घेणाऱ्यांना विचारण्याचे धैर्य, आणि आपणां सर्वांना पुढे येणाऱ्या पिढीचा कळवळा देवो.